भोरड्या नेमक्या किती? फेब्रुवारीतले चार दिवस

गुरुवार, रात्री

निघायलाच उशीर, त्यात हडपसरचं ट्रॅफिक, पाटसच्या पुढं चहा, असं करत करत ताईच्या वस्तीवर पोचलो तेव्हा साडेनऊ वाजून गेले होते. वस्ती म्हणजे पळसदेवच्या अलीकडं हायवे सोडून आत, उजनी धरणाच्या बॅकवॉटरपासून दीडेक किलोमीटरवर. भाची दारातच उभी. "मामा, मोठी लेन्स आणलीस ना?" हा पहिला प्रश्न, कसा आहेस वगैरे नंतर.

लेन्स आणली होती, १५०-६०० मिमीची, लांबचं जवळ आणणारी, मित्राची, उसनी. भाची अकरावीला आहे आणि तिनं यावर्षी ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंटमध्ये भाग घ्यायचं ठरवलं होतं. दर फेब्रुवारीत चार दिवस, शुक्रवार ते सोमवार, जगभरातले लोक आपापल्या अंगणातले, गच्चीवरचे, तळ्यावरचे पक्षी मोजतात आणि ईबर्ड या पक्षीनोंदींच्या वेबसाइटवर याद्या टाकतात. १९९८ मध्ये अमेरिकेत सुरू झालं, आपल्याकडं २०१३ पासून. नियम सोपा, एका जागी कमीत कमी १५ मिनिटं बघायचं आणि जे दिसेल ते आकड्यासकट लिहायचं. खरं सांगतो, मला मोजणीशी काही देणंघेणं नव्हतं. मला भिगवणचे फ्लेमिंगो पाहिजे होते, पंख उघडलेले, लालबुंद, पाण्यात प्रतिबिंबासकट. भाचीचं निमित्त आणि रविवारला जोडून दोन सुट्ट्या, झालं.

शुक्रवार

साडेसहाला उठवलं. अंगणात खुर्ची टाकून बसलो, हातात चहा, गळ्यात कॅमेरा, भाचीच्या हातात वही आणि मोबाईल. थंडी होती अजून, पण ती जानेवारीची नाही, ऊन आलं की पळणारी.

ताईच्या परसात विशेष काही नाही असं मी मनात धरून चाललो होतो. विहीर, शेवग्याची दोन झाडं, एक लिंब, गोठा, धुणं वाळत घालायची तार, बांधावर पळस. पहिल्या १५ मिनिटांत १९ जाती झाल्या. शेवगा फुलला होता आणि त्यावर शिंजीर नुसते तुटून पडले होते. नर आता पूर्ण जांभळा-काळा, उन्हात आला की निळा हिरवा चमकतो आणि सावलीत गेला की कोळसा, त्यामुळं एक्सपोजरचं, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा त्याचं, पार वाटोळं होतं. बाकी नेहमीची मंडळी, चिमण्या, साळुंक्या, लालबुड्या बुलबुल, होले, शेजारच्या बांधावरून भांडत येणारे सातभाई, लिंबावर दयाळ. तांबटानं टुक टुक सुरू केली होती, म्हणजे उन्हाळा दाराशी आला.

गोठ्याच्या पत्र्यावर एक काळपट पक्षी येऊन बसला, बसला की शेपूट थरथरवायचा, खाली उतरायचा, किडा घ्यायचा, परत पत्र्यावर. ताई म्हणाली हा रोजचाच आहे, दिवाळीपासून इथंच असतो. थिरथिऱ्या! हा हिमालयापलीकडून, मध्य आशियाकडून हिवाळ्यापुरता येतो आणि मार्च-एप्रिलात परत जातो. ताईला सांगितलं तर तिनं हातातलं शेण तसंच धरून त्याच्याकडं बघितलं, म्हणाली, "एवढ्या लांबनं येऊन आमच्या गोठ्यातल्या माश्या खातोय होय." तिच्या आवाजात जरा अभिमानच होता.

मी चिमण्या मोजल्या, २२. भाचीनं लिहिल्या ९. का? तर म्हणे तारेवरच्या, गोठ्यातल्या, परत तारेवरच्या, मामा तू त्याच त्याच मोजतोयस. एका वेळी जास्तीत जास्त जेवढ्या एकत्र दिसल्या तेवढ्याच धरायच्या. बरं.

फोटोचं म्हणाल तर सकाळी मी ४०० काढले आणि त्यातले कामाचे सहा. एक गोष्ट मात्र चांगली झाली, धुण्याच्या तारेमागं गोठ्याची अंधारी भिंत येत होती, तिथं खुर्ची दोन फूट सरकवली आणि बुलबुलाचा फोटो एकदम स्टुडिओत काढल्यासारखा आला. परसातल्या पक्ष्यांचं हेच बरं असतं, ते परत परत त्याच जागी बसतात, आपण फक्त मागचा भाग निवडायचा आणि गप बसायचं.

संध्याकाळी दाजींबरोबर ज्वारीत गेलो. शाळू दाण्यावर होती. आणि तिथं पहिल्यांदा त्या दिसल्या. आधी आवाज, मग पिकावरून एक करडी चादर उचलल्यासारखी झाली आणि दाजी माळ्यावर उभं राहून "हाऽऽ हाऽऽ" करत गोफण फिरवायला लागले. भोरड्या! काहीजण पळस मैना म्हणतात. अंग गुलाबी, डोकं-पंख-शेपूट काळं, पण हिवाळ्यात गुलाबी जरा मळकं असतं आणि पिल्लं तर मातकटच. पळसावर बसलेल्यांच्या कपाळाला पिवळा पराग लागलेला, एकदम भंडारा लावल्यासारखं.

दाजींना म्हटलं, दाजी, या पाखरांचं तिकडं मध्य आशियात लोक स्वागत करतात, ती टोळ आणि नाकतोडे खातात म्हणून, चीनच्या शिनजियांगमध्ये तर त्यांना घरटी करायला मुद्दाम दगडांचे ढीग रचून ठेवलेत. दाजींनी गोफणीत पुढचा खडा घातला. "मग तिकडंच ऱ्हावा म्हणावं. पाव्हणं, तुम्ही फोटो काढा, माझी राखण मला करू द्या."

त्यांचं चूक आहे असं म्हणायची माझी छाती नाही. कणसं हातात घेऊन बघितली, एका बाजूचे दाणे साफ.

शनिवार

हा माझा दिवस होता, म्हणजे असणार होता.

पहाटे पाचला निघून भिगवणजवळच्या कुंभारगावला, फ्लेमिंगोंसाठी. अंधारातच नावाडी काका थांबलेले. फेब्रुवारीतला शनिवार, म्हणजे काठावर गाड्या लागायला लागल्याच होत्या, जॅकेट घातलेली माणसं आणि तोफेएवढ्या लेन्सा. पाण्यावर धुकं. काका म्हणाले यंदा पाणी उशिरा उतरलं, म्हणून फ्लेमिंगोपण उशिरानंच आले. हे मला आधी माहीत नव्हतं. पाऊस दणकून झाला की उजनी भरलेली राहते, काठाचा चिखल उघडा पडत नाही, आणि फ्लेमिंगोला गुडघाभर पाणी आणि खाली चिखल पाहिजे असतो. चोच उलटी करून पाण्यात घालतो आणि जिभेनं पाणी आत-बाहेर करून गाळतो, चहाच्या गाळणीसारखं. म्हणजे धरण तुडुंब असणं माणसाला गोड आणि त्यांना अवघड.

पहिला अर्धा तास बाकीचेच पक्षी. शेकाटे, चमचे, मोर शराटी, चित्रबलाक, थापट्या बदकं गोल गोल फिरत पाणी ढवळणारी, चक्रवाकाची एक जोडी. नदी सुरय इतक्या जवळून गेला की ६०० मध्ये मावेना. एका वाळक्या खोडावर कैकर बसला होता, पायाखाली अर्धी खाल्लेली चिलापी. काका त्याला ऑस्प्रेच म्हणतात, आणि पट्टकदंब हंसाला बारहेडेड. सगळ्या नावाड्यांना इंग्रजी नावं तोंडपाठ, आणि मी शहाण्यासारखा मराठी नावं सांगतोय, असा उलटा प्रकार. कैकर मासा घेऊन उडताना माशाचं तोंड पुढच्या बाजूला करून धरतो, वारा कमी लागावा म्हणून. ते उड्डाण काही मिळालं नाही, तो खातच बसला.

मग फ्लेमिंगो. लांबून फिकट गुलाबी पट्टा, जवळ जाताना एकेक मान वेगळी होत गेली. मधूनमधून राखाडी पिल्लं, त्यांना अजून रंग चढलेला नसतो, तो खाण्यातून येतो, हळूहळू. काकांनी लांबच वल्हं थांबवलं. "याच्या पुढं नको, ती चालायला लागली की समजायचं आपण जास्त गेलो." मी कॅमेरा होडीच्या कडेवर टेकवला, पाण्याच्या अगदी जवळ, उन्हाकडं पाठ, पांढरा रंग जळू नये म्हणून एक्सपोजर मायनस ०.७. सगळं जमलं होतं, फक्त ते खात होते. डोकी पाण्यात. शंभर फोटोत एक चोच वर नाही.

तेवढ्यात दुसऱ्या बाजूनं एक मोटरवाली होडी आली. आत सहासात जण. आवाज पाण्यावरून स्वच्छ ऐकू येत होता, "उडवा की जरा, एवढ्या लांबनं आलोय." आणि ती होडी सरळ घुसली. फ्लेमिंगो जागच्या जागी उडू शकत नाही, आधी पाण्यावरून पळत जावं लागतं, वाऱ्याकडं तोंड करून, पाय आपटत. सगळा थवा पळाला, मग उठला, आणि ते लाल-काळे पंख एकदम उघडले.

आणि मी धडाधड बर्स्ट मारला, एका दमात फोटोंची माळ, खोटं कशाला बोलू. शटर १/२००० सेकंद, एकही हललेला नाही. चार दिवसांतला तांत्रिकदृष्ट्या सगळ्यात चांगला फोटो तोच आहे. काका काही बोलले नाहीत, फक्त वल्हं उलटं मारून होडी वळवली. भाची म्हणाली, "आता ते खायचं सोडून उडत बसणार. परत जायला लागणारी ताकद अशीच घालवायची." मी स्क्रीन बंद केला.

थोड्या वेळानं तिनं विचारलं किती होते. मी म्हटलं साठ-सत्तर. ती म्हणाली शंभर. मग होडीतच फोटो झूम करून माना मोजल्या, तर १४३. निम्मेसुद्धा सांगता आले नव्हते मला! मोठा थवा बघितला की माणसाचा अंदाज बहुतेक वेळा कमीच येतो म्हणे, भाचीनं कुठंतरी वाचलेलं. त्यासाठी आधी दहा पक्षी मोजायचे, ते दहा डोळ्यांत किती जागा घेतात ते बघायचं, आणि मग तो तुकडा थव्यावर ठेवत ठेवत जायचं. थवा मोठा असेल तर शंभरचा तुकडा. मला ते जमिनीचा गुंठा मोजल्यासारखं वाटलं, पण त्यानंतर दिवसभर मी तेच करत बसलो. शेकाटे, १० चे सात तुकडे. फोटोत ७६. वा.

साडेनऊनंतर ऊन चढलं आणि पाण्यावरची हवा थरथरायला लागली, लांबचा प्रत्येक फोटो मऊ. लेन्सचा दोष नसतो तो, बरेच लोक उगाच सर्व्हिसला देतात. परत येताना काठावरच्या हिरवळीवर पट्टकदंब चरत होते, डोक्यामागं दोन काळे पट्टे. ३८. हे मंगोलिया, तिबेट, लडाखकडचे, हिमालय ओलांडून येतात. अंगावर ट्रान्समीटर लावून बघितलं तर ७ हजार मीटरच्या वर गेलेले सापडलेत, पण बऱ्याचदा ते डोंगराचा उतार धरूनच वर-खाली करत जातात, सरळ उंचावरून नाही. परतीचे दिवस जवळ आले की असंच खात सुटतात. एकानं मान वर करून आमच्याकडं बघितलं आणि परत चरायला लागला, म्हैस बघते तसं.

दुपारी ताईनं चिलापीचं कालवण केलं होतं. मी आणि कैकर एकाच ताटात.

रविवार

सकाळी कडबनवाडीचा माळ. रविवारी कुंभारगावला पर्यटकांची जत्रा असते म्हणून मुद्दाम इकडं. वनखात्याचं बुकिंग करून, गाईड घेऊन. माळरान म्हणजे पडीक जमीन असं आपल्याला वाटतं, पण हे गवत पिवळं पडलेलं आणि त्यात चिंकारा उभे, आधी कान दिसले मग बाकीचे. चंडोल, माळटिटव्या, आणि गवताच्या टोकांना पोट लावून तरंगत जाणारा भोवत्या, म्हणजे हॅरिअर, राखाडी नर. हेही पाहुणेच, दिवसभर नाकतोडे, उंदीर शोधतात आणि रात्री झाडावर नाही, गवतात जमिनीवर झोपतात.

फोटो सगळे काळपट. कारण? कालचं मायनस ०.७ तसंच. दोन तास मी उन्हाला शिव्या देत होतो.

दुपारी झोपलो. सांगण्यासारखं काही नाही.

संध्याकाळी दाजी स्वतःहून म्हणाले, "चला, तुमच्या त्या लाडक्या कुठं झोपत्यात ते दावतो." मोटरसायकलवर तिघं, पाण्याच्या काठानं, उसाच्या कडेला वेड्या बाभळींची एक रांग होती तिथं. साडेपाच. काहीच नाही. एक खंड्या. मग पश्चिमेकडून पन्नासेक भोरड्या आल्या, उसावरून एक चक्कर, बसल्या. मग दोनशे. मग सगळीकडून, छोटे छोटे थवे येत होते आणि वरच्या थव्यात मिसळत होते, पाणी पाण्यात मिसळावं तसे, कोण कुठला कळत नव्हतं, आणि मग तो सगळा गोळा वळायला लागला. मधेच लांब होई, मधेच पिळ पडल्यासारखा काळा होई, आणि डोक्यावरून गेला तेव्हा पंखांचा आवाज आला, पहिल्या पावसाची सर पत्र्यावर यायच्या आधी लांबून ऐकू येते ना, तसा.

भाची मोजत होती. "शंभर... शंभर... अरे थांबा ना!" तिनं पेन खाली टाकलं. "मामा, तू काढ. वाईड काढ, सगळा थवा पाहिजे, कडा कापू नकोस."

१५०-६०० वर सगळा थवा कुठला मावतोय. ती काढून साधी १८-५५ लावली, जी मी तीन वर्षांत वापरली नव्हती. चार दिवसांत पहिल्यांदा मी चांगल्या फोटोसाठी नाही, हिशोबासाठी बटण दाबत होतो. रोममध्ये साध्या मैनांच्या (कॉमन स्टारलिंग, आपल्या साळुंक्या नव्हेत) थव्यांवर असंच काम झालंय, दोन ठिकाणांहून एकाच क्षणी फोटो काढून प्रत्येक पाखराची जागा शोधून काढली, आणि २००८ मध्ये छापून आलं की प्रत्येक मैना फक्त आपल्या जवळच्या सहा-सात जणींकडं लक्ष ठेवते, अख्ख्या थव्याकडं नाही. हे मी दाजींना सांगितलं. त्यांनी मान हलवली, "दिंडीत तसंच अस्तंय. पुढच्याच्या पताकंकडं बघायचं."

एकदा मात्र थवा असा काही आक्रसला की आम्ही तिघंही गप्प झालो. एका सेकंदात अर्ध्याहून लहान, काळाकुट्ट, आणि दोन भागांत फाटून परत जुळला. मी दोन फोटो काढले. कशाला घाबरल्या समजलं नाही, आम्ही तर हललोपण नव्हतो. मग उजेड गेला आणि नळ बंद करावा तशा सगळ्या एकदम बाभळीत उतरल्या. त्यानंतरचा कलकलाट! भाचीला माझ्या कानाशी येऊन बोलावं लागत होतं.

अंदाज सांगा, असं ठरलं. मी आठशे. भाची दोन हजार. दाजी, "लाख तर अस्तील. माझी ज्वारी बघा की."

सोमवार

शेवटची १५ मिनिटं अंगणात. थिरथिऱ्या पत्र्यावर, चिमण्या ११, शेवग्यावर शिंजिराचं भांडण. कुंपणाच्या झुडपात कुठूनतरी वटवट्याचं टक टक, दिसला नाहीच. भाचीला कॉलेज, दाजी माळ्यावर. ताईनं पिशवीत शेवग्याच्या शेंगा, हुरडा आणि नको म्हणताना ज्वारी बांधून दिली, "पाखरांनी ठेवलीय तेवढी."

दुपारी पुण्यात आलो, अंघोळ केली आणि लॅपटॉप उघडला. फ्लेमिंगोंचा तो फोटो खरंच चांगला आहे. तो बाजूला ठेवला. भोरड्यांचा सगळ्यात पूर्ण फोटो घेतला, त्यावर रेघा मारून २४ चौकोन केले आणि एकेका चौकोनात ठिपके मोजत बसलो, मोजलेल्यावर लाल टिंब. गच्च चौकोनात ३००च्या वर, कडेच्यात पाच-दहा. दोन तास गेले, मान आखडली, मधे एक फोन आला आणि एक चौकोन परत मोजावा लागला. एकूण ३,४१६. एकामागं एक लपलेले धरले तर थोडे जास्तच. भाचीला आकडा पाठवला. तिचं उत्तर आलं, "आक्रसलेला मोज ना."

तो मोजण्यासारखा नव्हताच, मधला भाग नुसता शाईचा डाग. पण कडेनं सुरुवात केली. डाव्या वरच्या कोपऱ्यात, थव्यापासून हातभर लांब, एक ठिपका बाकीच्यांपेक्षा मोठा होता. झूम केलं. पंख टोकदार, मागं मुडपलेले, अंग खाली झुकलेलं. पुढच्या फोटोत तोच ठिपका थवा जिथं फाटला बरोब्बर त्या फटीत.

भाचीला फोन लावला. तिनं फोटो बघितला, बराच वेळ काही बोलली नाही, मग म्हणाली जात सांगता येणार नाही, एवढ्याशा पिक्सेलवरून बहिरी ससाणा म्हणणं म्हणजे फेकाफेकी. यादीत तिनं भोरड्या ३,४१६ च्या खाली लिहिलं, ससाणा, जात अनिश्चित, १.

मागून दाजींचा आवाज, "कुठाय त्यो? हिकडं ज्वारीवर धाडा म्हणावं."